उघडणाऱ्यांची यादी

२ मार्च, सोमवार

सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात फाइली लावल्या, काढल्या, परत लावल्या. आता सगळ्या फाइली संगणकात गेल्या आणि तळघरात मोडक्या खाटा ठेवल्या आहेत. मला दुसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी टेबल मिळालं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. बाकी दिसण्यासारखं काही नाही.

नवं काम असं. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणत्या रुग्णाची फाइल कधी उघडली, कुठलं पान किती वेळ बघितलं, हे संगणक आपोआप लिहून ठेवतो. रोज सकाळी आदल्या दिवसाची ती नोंद मी वाचायची. ज्याचा त्या रुग्णाशी कामाचा संबंध दिसत नाही, त्याला कारण विचारणारं पत्र पाठवायचं. तीन दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर प्रकरण अधीक्षक बाईंकडे. त्या त्याला फाइली बंद करतात, म्हणजे कुठलीच उघडता येत नाही, आणि मग चौकशी. अधीक्षक बाई म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्या फाइली उघडता येतील. पण उघडायच्या नाहीत." मी म्हटलं, ते मला सांगायला नको.

दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी वाचणार, तर आपलीही एक असलेली बरी, म्हणून ही वही. ह्यांनी विचारलं, "यात माझ्याबद्दल लिहिणार का?" मी म्हटलं, काही घडलं तर लिहीन. हे निवृत्त झाल्यापासून तसं काही घडलेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

चार दिवसांत अकरा पत्रं गेली. मी जिन्यात दिसले की लोकांचं बोलणं बंद होतं. चोराच्या मनात चांदणं.

क्ष-किरण विभागातल्या एका बाईने सासूची फाइल उघडली होती. कारण लिहिलं, "गुडघे खरंच दुखतात का ते पाहण्यासाठी." इतक्या प्रामाणिक उत्तराची अपेक्षा नव्हती. पहिलीच वेळ म्हणून ताकीद देऊन सोडलं. दुखतात की नाही ते मी विचारलं नाही, पण विचारावंसं वाटलं हे कबूल करते. एका डॉक्टरांनी स्वतःचीच फाइल उघडली होती. तीही अर्ज केल्याशिवाय उघडायची नसते. ते म्हणाले, "माझंच रक्त आहे हो." मी म्हटलं, रक्त तुमचं, फाइल हॉस्पिटलची.

दुपारी सगळ्या मजल्यांवरच्या कारकुनांना बसवून नियम समजावले. नियम तीनच. काम असल्याशिवाय फाइल उघडायची नाही. आपल्या नात्यातलं माणूस दाखल असेल तर अजिबात उघडायची नाही. त्या रुग्णाने उघडणाऱ्याचं नाव देऊन लेखी परवानगी दिली असेल तरच. आणि फाइलमध्ये वाचलेलं तोंडातून बाहेर काढायचं नाही. "माझ्यासमोरसुद्धा नाही," मी म्हटलं. "मी कितीही खोदून विचारलं तरी नाही." तिसऱ्या मजल्याची कारकून, बारीक आणि टोकदार, जिला सगळे टाचणी म्हणतात, ती एकटी लिहून घेत होती. बाकीचे घड्याळ बघत होते.

९ मार्च, सोमवार

आज नोंदीत ताईचं नाव दिसलं. माझी थोरली बहीण. शुक्रवारी दाखल, तिसरा मजला, खाट चौदा. नोंदीत नाव, जन्मतारीख आणि खाट एवढंच येतं. आजार काय तो फाइलच्या आत असतो.

एका नावाची दोन माणसं असतात, म्हणून जन्मतारीख परत वाचली. तिचीच.

ती फाइल माझ्यापासून एका बोटाच्या अंतरावर होती. मी उघडली नाही. ताईने मला काही कळवलेलं नाही. म्हणजे मी यावं असं तिला वाटत नाही, आणि न बोलावता जाणाऱ्यांतली मी नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा नेहमीसारखा संपवला.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊन ये की. एक जिना तर चढायचा." मी म्हटलं, अकरा वर्षांत तिने एक तरी जिना उतरला का? हे बातम्या बघू लागले.

११ मार्च, बुधवार

झोप नीट लागली नाही, तर जे आठवत होतं ते लिहून टाकते.

अकरा वर्षांपूर्वी आई याच हॉस्पिटलमध्ये होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ताईला ठाऊक होतं, मला नाही. मी रोज विचारायचे, ती म्हणायची, "अशक्तपणा आहे." सोळा दिवस अशक्तपणा चालला. मग एका दुपारी आईची फाइल कागद लावायला तळघरात आली तेव्हा मी ती कोणाला न विचारता उघडली आणि दोन कपाटांच्या मधे उभी राहून वाचली. तशीच वर गेले आणि आईच्या खाटेपाशीच ताईला विचारलं, किती दिवस लपवणार होतीस? आवाज चढला. आई जागी होती. स्वतःचा आजार तिला आमच्या भांडणातून कळला.

ताई मला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "चोरून वाचायची सवयच तुझी." एवढंच. त्यानंतर आईचं सगळं आम्ही मिळून केलं, पण एकमेकींशी बोललो नाही. भावजी गेले तेव्हा मी तिच्या घरी दोन तास बसले. तिने पाणी दिलं, मी प्यायले. मूलबाळ नाही, त्यामुळे आता ती एकटीच असते.

तेव्हापासून मी कामाशिवाय एकही फाइल उघडलेली नाही. या कामासाठी अधीक्षक बाईंनी मला निवडलं ते "नाकासमोर चालणारी बाई" म्हणून. नाकासमोर का चालते ते त्यांना माहीत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

टाचणीने ताईची फाइल आठ दिवसांत नऊ वेळा उघडली आहे.

दाखल करताना एकदा उघडावी लागते, ते ठीक. उरलेल्या आठ वेळांना काहीच आधार नाही. काही भरलं नाही, काही बदललं नाही. दर वेळी फक्त पहिलं पान, अर्धा-पाऊण मिनिट, की बंद. बहुतेक वेळा दुपारी चारला, म्हणजे भेटायला येणाऱ्यांची वेळ संपली की. पहिल्या पानावर असतं तरी काय? नाव, पत्ता, रक्तगट, कळवायचं कोणाला, परवानगी कोणाला. ताईच्या पानावर कोण असणार, एखादी शेजारीण असेल. त्यात रोज बघण्यासारखं काय आहे ते मला समजेना.

पत्र पाठवलं. ताईची फाइल म्हणून जास्त कडक झाले का, असा प्रश्न स्वतःला विचारला. कोणाचीही फाइल नऊ वेळा उघडली असती तरी पाठवलं असतं. बहुधा.

१६ मार्च, सोमवार

शनिवार-रविवारच्या नोंदीत ताईची फाइल भूलतज्ज्ञांनी उघडली. मग रक्तपेढीने. मग शस्त्रक्रिया विभागाने. त्याआधी गुरुवारी कर्करोग विभागाच्या दोन डॉक्टरांनी. हे वाचायला फाइल उघडावी लागत नाही, हे माझं रोजचं काम आहे. भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी एका दिवशी आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. म्हणजे आज.

आज माझ्या हातून दोन पत्रं चुकीच्या माणसांना गेली.

दुपारी जेवणाच्या रांगेत टाचणी मागे उभी होती. म्हणाली, "बाई, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर कधी येत नाही?" मी म्हटलं, काम असल्याशिवाय कशाला येऊ? "नाही, सहज," ती म्हणाली, आणि तिचं ताट तसंच ठेवून गेली. पत्र मिळाल्यावर माणसं गोड बोलू लागतात, हे मी पंधरा दिवसांत शिकले आहे.

१७ मार्च, मंगळवार

शस्त्रक्रिया झाली नाही. झाली असती तर त्या विभागाच्या परिचारिकांनी काल फाइल उघडली असती. कोणीच उघडली नाही.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "फाइल न उघडता सगळी वाचलीस की." मी दोन तास बोलले नाही.

टाचणीचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते: "कारण कामाचं आहे. पण ते सांगायचं तर फाइलमधलं सांगावं लागेल, आणि रुग्णाने ते कोणाला कळवू नका असं म्हटलं आहे. तुमच्यासमोरसुद्धा सांगायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत." माझंच शस्त्र माझ्यावर. पंचवीस वर्षांची पोर, नोकरी कायम व्हायला दोन महिने उरलेत, आणि मलाच नियम शिकवते. चिडले. दुसरं पत्र पाठवलं.

१९ मार्च, गुरुवार

रुग्णाला एक हक्क असतो. अर्ज केला की त्याची फाइल कोणी कोणी उघडली याची यादी त्याला द्यावी लागते. वर्षाकाठी चार जण मागतात, त्यातले तीन वकिलाच्या सांगण्यावरून. आज ताईचा अर्ज आला. अक्षर तिचंच, उजवीकडे कललेलं, फक्त आता जरा थरथरतं.

बघून हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. मी इथे बसते हे तिला माहीत आहे. मी चोरून वाचलं असणार अशी तिची खात्री आहे आणि तिला ते कागदावर हवं आहे. यादी काढली. चौतीस नावं. त्यात माझं नाही. दोनदा तपासली, शिक्का मारला आणि टाचणीच्या हाती वर पाठवली. अकरा वर्षांनी ताईला माझं उत्तर मिळालं, तेही छापील. बरं वाटलं. आज जेवणही बरं गेलं.

२५ मार्च, बुधवार

पुन्हा भूलतज्ज्ञ, पुन्हा रक्तपेढी, आणि पुन्हा काही नाही. दोनदा तयारी होऊन दोनदा शस्त्रक्रिया राहिली. ताईच नको म्हणत असणार. लहानपणी कडू औषध तोंडात धरून अर्धा अर्धा तास बसायची, पण गिळायची नाही. असल्या आजारात आठवडा म्हणजे काय ते सव्वीस वर्षं फाइली लावून मलासुद्धा कळतं. तिला कोणी सांगत का नाही? तिच्याजवळ कोणीच नाही का?

आज तिने दुसऱ्यांदा यादी मागितली. मधल्या दिवसांत मी उघडली असेन असं वाटलं असणार. आता एक्कावन्न नावं झाली. माझं नाही. पाठवली.

टाचणी सही घेऊन परत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. "त्या एकेका नावावर बोट ठेवून वाचतात, बाई. शेवटी विचारतात, एवढीच का?"

"पूर्ण आहे म्हणून सांग."

"सांगितलं. गेल्या वेळीही सांगितलं होतं." अजून काही बोलेल असं वाटलं, पण गेली. माणसाने संशय तरी किती घ्यावा. बहिणीवर.

टाचणीचा आकडा आता सतरा. दुसऱ्या पत्राला तेच उत्तर. प्रकरण अधीक्षक बाईंकडे दिलं.

२७ मार्च, शुक्रवार

अधीक्षक बाईंनी टाचणीला फाइली बंद केल्या. चौकशी पुढच्या आठवड्यात. ती माझ्याकडे आली, डोळे लाल होते. "अठ्ठावीस खाटा आहेत माझ्याकडे. फाइली उघडल्याशिवाय काम कसं करू?" मी म्हटलं, ते अधीक्षकांना विचार. दारातून मागे वळून म्हणाली, "बाई, एकदा तुम्हीच या ना वर."

मी म्हटलं, चौकशी वर होत नाही, अधीक्षकांच्या खोलीत होते. बरोबरच बोलले, पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

३० मार्च, सोमवार

ताईने तिसऱ्यांदा यादी मागितली आहे. सत्तावन्न नावं.

यादी रुग्णाच्याच हातात द्यायची आणि सही घ्यायची असा नियम आहे. नेहमी टाचणी नेते, पण तिला आता फाइलीसंबंधी कुठल्याच कागदाला हात लावता येत नाही. दुसरं कोणी नाही. उद्या मलाच जावं लागणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ह्यांनी विचारलं, "कुठली साडी नेसणार?" मी म्हटलं, रोजचीच. मी यादी द्यायला जाते आहे.

३१ मार्च, मंगळवार

खाट चौदा खिडकीपाशी आहे. ताई इतकी लहान झाली आहे की आधी मला खाट रिकामीच वाटली. मी म्हटलं, "यादी आणलीय. सही लागेल." अकरा वर्षांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

ती म्हणाली, "बस." मी उभीच राहिले. तिने चष्मा लावला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. सत्तावन्न नावं. मधे एकदा दमली तेव्हा बोट तिथेच ठेवून डोळे मिटले, आणि मग पुढे. शेवटी कागद उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"एवढीच?"

"एवढीच. पूर्ण आहे."

"तुझं नाव नाही."

"नसणारच. मी उघडली नाही. तीनदा मागवलीस, तिन्ही वेळा नाही. अजून दहादा मागव, तरी सापडायची नाही मी." हे मी पंधरा दिवस मनात म्हणत होते, त्यामुळे न अडखळता म्हटलं.

ताईने चष्मा काढला. "असेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "या आठवड्यात नाही, तर पुढच्या आठवड्यात तरी असेल. म्हणून मागवत होते."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "पकडायला ना?"

"अगं शहाणे, आईच्या वेळी कोणी दाखवत नव्हतं तरी वाचलीस. म्हटलं, माझी वाचल्याशिवाय ही राहील का? वाचलीस की येशील वर. निदान भांडायला तरी."

मी तिला नियम सांगू लागले. नात्यातल्या माणसाची फाइल, लेखी परवानगी, सगळं. तिने मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "परवानगी पहिल्याच दिवशी दिलीय. पहिल्या पानावर तुझं नाव आहे. त्या बारीक पोरीने विचारलं, बहिणीला कळवू का? मी म्हटलं, नको, तू काही बोलू नकोस. ती इथेच असते, फाइलींवरच बसलेली असते, तिला आपलं आपण कळू दे. ती पोरगी रोज चारला येऊन विचारते, आल्या का? मी म्हणते, येईल."

तोपर्यंत मी उभीच होते.

"डॉक्टर दोनदा तयारी करून गेले," ताई म्हणाली. "विचारतात, बाहेर कोण बसणार? कोणी नसलं तरी करू म्हणाले. मी म्हटलं, माझं माणूस आहे, येऊ दे."

मी खुर्ची ओढून बसले आणि रडले. वॉर्डात, अठ्ठावीस खाटांसमोर. माझ्या नोकरीत मी अशी कधी रडलेली नाही. ताईने माझ्या हातातलं पेन घेतलं, यादीवर सही केली आणि पेन परत दिलं.

डॉक्टरांना मीच शोधून काढलं. सोमवार ठरला.

१ एप्रिल, बुधवार

आज ताईची फाइल उघडली. फक्त पहिलं पान. कळवायचं कोणाला, याच्यापुढे माझं नाव, नातं धाकटी बहीण. परवानगी कोणाला, याच्यापुढेही माझंच. फोन नंबर आमच्या जुन्या घरचा, जो सात वर्षांपूर्वी बंद झाला. नवा ताईकडे असणार कसा? खाली शेरा: "रुग्णाच्या सांगण्यावरून फोन केला नाही." टाचणीचा.

परवानगी आहे की नाही हे फाइल उघडल्याशिवाय कळत नाही, आणि परवानगी नसेल तर फाइल उघडायची नाही. काखेत कळसा, गावाला वळसा. हा नियम असा आहे हे सव्वीस वर्षं फाइलींत घालवलेल्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं.

टाचणीला बोलावून विचारलं, रोज तेच पान का बघायचीस? ती म्हणाली, "दर वेळी वाटायचं आपलंच वाचण्यात चुकलं. दुसरंच कोणाचं तरी नाव असेल. तुम्ही खालच्या मजल्यावर असून येत नाही, असं कसं होईल?" मी तिची माफी मागितली. तिने पुढचं काही ऐकून घेतलं नाही, म्हणाली, "आधी माझ्या फाइली चालू करा, सकाळपासून चार जण घरी जायचे खोळंबलेत."

अधीक्षक बाईंकडे जाऊन लेखी दिलं: कारकुनाने नियम पाळला, पत्र पाठवणाऱ्याने चूक केली. त्यांनी ते दोनदा वाचलं. "पण तुम्ही तर काहीच मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमची नोंद कुठे करू? विनाकारण उघडली असा रकाना आहे. कारण असून उघडली नाही असा कुठे आहे?" मी म्हटलं, कागद तसाच ठेवा मग. चौकशी रद्द झाली आणि टाचणीच्या फाइली दुपारी सुरू झाल्या.

४ एप्रिल, शनिवार

रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर वर जाते. बोलायला फारसं काही नसतं. आम्ही आईबद्दल बोललो नाही. ताईने विचारलं, हे अजून बातम्या बघत बसतात का? मी म्हटलं, बघतात, आणि त्यांना वाटतं त्यांचंही मत कोणीतरी विचारायला हवं. ताई म्हणाली, मला येऊन सांगा म्हणावं, मी रिकामीच आहे.

७ एप्रिल, मंगळवार

काल शस्त्रक्रिया झाली. साडेपाच तास. मी बाहेर बसले होते, हेही आले होते. परिचारिकेने दारातून विचारलं, रुग्णासोबत कोण? मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जितकं काढता येण्यासारखं होतं तितकं काढलं. पण यकृतावर दोन ठिपके दिसले, त्यांना हात लावता आला नाही. आता औषधं. मी विचारलं, सोळा मार्चला केली असती तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी म्हटलं, मी सव्वीस वर्षं इथे आहे, मला सांगा. ते म्हणाले, "तेव्हाच्या स्कॅनच्या चित्रात ते ठिपके नव्हते."

तीन आठवडे. मी ते कुठल्याही नोंदीतून वगळू शकत नाही, कारण ते कुठल्याच नोंदीत नाहीत.

आज दुपारी ताई नीट शुद्धीवर आली. ओठ ओले केले तशी पहिल्यांदा हेच विचारलं, "काय म्हणाले?"

मी आवाज खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ठिपके सांगितले. सोळा तारखेच्या चित्रात ते नव्हते, हेही सांगितलं. मी वर आले असते तर, हेही.

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "मीच एक फोन केला असता तर."

"तो नंबर बंद आहे," मी म्हटलं. "सात वर्षं झाली."

ताई हसली, आणि हसताना पोटावर हात दाबून धरला. "हसवू नकोस गं, टाके दुखतात." डोळ्यांतून पाणी आलं ते टाक्यांमुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. माझ्याही आलं.

थोड्या वेळाने तिने नवा नंबर मागितला. मी म्हटलं, इथेच तर बसले आहे. तरी म्हणाली, लिहून दे. मी लिहून दिला. तिने तो आकडे पुटपुटत एकदा वाचला आणि उशीखाली ठेवला.